आजीच्या पेटीतलं हस्तिदंत: ठेवायचं, विकायचं की सरकारजमा करायचं?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. शनिवार पेठेतला वाडा पुनर्विकासाला जातोय. आजी फेब्रुवारीत गेली. माळा रिकामा करताना एक पेटी सापडली. तिच्यात सारीपाटाच्या सोळा सोंगट्या आणि लांबट फासे, वीतभर उंचीचा पांढरट गणपती, पांढऱ्या जडावकामाची चंदनी पेटी, आणि शेजारी गवसणीत गुंडाळलेला आजीचा तंबोरा, ज्याची घोडी (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) 'हस्तिदंती आहे' असं आजी सांगायची. प्रश्न विचारणारा नातू आहे. त्याला तीन गोष्टी हव्या आहेत: वस्तूंची किंमत किती येईल, एखादी न्यू जर्सीतल्या भावाला कशी पाठवता येईल, आणि 'शंभर वर्षांपेक्षा जुन्या हस्तिदंताला सूट असते' हे खरं का. शेवटी हळूच एक चौथंही विचारलंय: कुणाला न सांगता कपाटात ठेवलं तर काय होतं?

मी गेली सव्वीस वर्षं पुण्यात जुन्या लाकडी, जडावाच्या आणि हाडा-शिंगाच्या वस्तूंची दुरुस्ती आणि जतन करते. वकील नाही. पण असे प्रश्न घेऊन लोक वकिलाकडे जायच्या आधी माझ्याकडे येतात, कारण त्यांना वाटतं की प्रश्न वस्तू किती जुनी आहे याचा आहे. तसा तो नाही. भारतात वस्तू किती जुनी याला जवळजवळ काही किंमत नाही. ती आज कुणाच्या ताब्यात आहे, कुठल्या वाटेनं आली आणि त्याचा कागद आहे का, एवढंच बघितलं जातं.

शंभर वर्षांच्या सवलतीची गोष्ट आधी निकालात काढू. ती खोटी नाही, दुसऱ्या देशांची आहे. अमेरिकेनं २०१६ साली आफ्रिकन हस्तिदंताचा व्यापार जवळपास पूर्ण बंद केला, पण शंभर वर्षांहून जुन्या, पुराव्यानिशी सिद्ध होणाऱ्या वस्तूंना वाट ठेवली. ब्रिटनचा कायदा २०१८ चा, अंमल जून २०२२ पासून. त्यात १९४७ पूर्वीच्या आणि दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तू, १९७५ पूर्वीची आणि वीस टक्क्यांहून कमी हस्तिदंताची वाद्यं, १९१८ पूर्वीची हस्तिदंतावरची छोटी व्यक्तिचित्रं अशा मोजक्या गोष्टी नोंदणी करून विकता येतात. इंटरनेटवर 'अँटिक आयव्हरी' शोधलं की हेच वर येतं आणि आपल्याकडचा माणूस ते वाचून निर्धास्त होतो.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आहे. भारतीय हत्ती १९७७ मध्ये त्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत गेला. १९८६ च्या दुरुस्तीनं अशा प्राण्यांपासून केलेल्या वस्तूंचा देशातला व्यापारच बंद झाला. तेव्हा दुकानदार म्हणू लागले, 'आमचा माल आफ्रिकेचा आहे, आपल्या हत्तीचा नाही.' म्हणून १९९१ च्या दुरुस्तीनं आयात केलेलं हस्तिदंत आणि त्याच्या वस्तूही आत ओढल्या. व्यापारी कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयानं १९९७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये बंदी उचलून धरली. एका व्यापाऱ्याचं म्हणणं तर असं होतं की त्याचं हस्तिदंत मॅमथचं आहे, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या प्राण्याचं, मग बंदी कशाला? कोर्टानं तेही ऐकलं नाही. मॅमथ चालत नाही तिथं तुमच्या पणजोबांनी म्हैसूरहून आणलेली पेटी जुनी आहे हा युक्तिवाद कुठवर टिकेल, तुम्हीच बघा.

एवढी कडक भूमिका का, हे मला माझ्या कामातून जास्त नीट कळलं. नवं हस्तिदंत जुनं दिसावं म्हणून कडक चहात बुडवतात, धुरावर धरतात, कोरलेल्या खाचांत काजळी आणि मेण भरतात. हे बरं जमलं असेल तर नुसत्या डोळ्यांनी मलाही खात्रीनं सांगता येणार नाही. विक्रीसाठी 'जुनं चालेल' अशी फट ठेवली की सगळं नवं त्यातून जुनं होऊन बाहेर पडतं. आणि आपल्या आशियाई हत्तींत मोठे सुळे फक्त नरांनाच असतात. केरळातल्या पेरियारमध्ये चोरट्या शिकारीनं नर इतके कमी झाले की तिथलं नर-मादी प्रमाणच विस्कटलं. तेव्हा माझ्या गिऱ्हाइकाच्या पेटीला भाव मिळत नाही याची मला हळहळ वाटते, पण बंदी चुकीची आहे असं वाटत नाही.

आता तुमच्या वस्तूंकडे येऊ, कारण सगळ्यात पहिलं काम कागदाचं नाहीच. आधी ते हस्तिदंत आहे का, हे बघा. माझ्याकडे 'हस्तिदंत' म्हणून येणाऱ्या वस्तूंपैकी बऱ्याच हस्तिदंत नसतात. कोथरूडच्या एका काकूंनी असाच गणपती आणला होता, रेशमी रुमालात गुंडाळलेला. पाठीमागून कानापासून बैठकीपर्यंत केसाएवढी बारीक रेघ गेली होती. ती साच्याच्या दोन भागांची जोडरेघ. गणपती राळेचा निघाला. काकूंना आधी वाईट वाटलं, मग कायद्याचं सांगितल्यावर त्यांनी तिथंच त्याला हात जोडले.

घरी बघायचं असेल तर असं बघा. सकाळचा खिडकीतला उजेड, पांढरा कागद, आणि घड्याळजी वापरतात तसं दहापट भिंग. सोंगटी उलटी करा. तिचा तळ हा दाताचा आडवा छेद असतो, म्हणून खरी ओळख तिथं पटते. हस्तिदंत असेल तर तळावर अगदी फिकट, एकमेकींना छेदत जाणाऱ्या कमानीसारख्या रेषा दिसतात, विणलेल्या चटईचं जाळं पाण्याखाली दिसावं तसं. सोंगटी थोडी तिरपी केली की रेषा उमटतात आणि पुन्हा बुडतात. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथला बाहेरच्या कडेजवळचा कोन हत्तीत विशालकोन असतो, मॅमथमध्ये नव्वद अंशांपेक्षा कमी. हाड असेल तर असं जाळं कधीच दिसत नाही. त्याऐवजी बारीक काळपट ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात, टाक टोचल्यासारख्या. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. उंटाचं किंवा म्हशीचं हाड कितीही घासून गुळगुळीत केलं तरी ते ठिपके जात नाहीत. सेल्युलॉइडमध्ये, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकमध्ये, रेषा असतात, पण वहीच्या कडेसारख्या सरळ, समांतर, नको इतक्या शिस्तीत. त्याला अंगठ्यानं जोरात चोळून लगेच वास घ्या, बऱ्याचदा कापराचा वास येतो. अतिनील टॉर्चखाली हस्तिदंत आणि हाड दोन्ही निळसर पांढरे चमकतात, त्यामुळे त्यानं दोघांतला फरक कळत नाही. प्लास्टिक वेगळं पडतं, एवढाच त्याचा उपयोग.

गरम सुई टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वस्तूला कायमचं भोक पडतं, आणि सेल्युलॉइड असेल तर ते भसकन पेटतं. माझ्या उमेदवारीच्या काळात मी स्वतः हे केलेलं आहे. भुवया परत आल्या, पण ज्या हातपंख्याला सुई लावली त्याची पाती आली नाही.

तंबोऱ्याची घोडी बहुतेक हाडाची निघेल. मिरजेच्या जुन्या तंबोऱ्यांत हस्तिदंती घोड्या आणि मणी असत, जवारी (तारेचा घुमारा) त्यावर छान बोलते असं जुने लोक म्हणत, पण रोजच्या वापराच्या वाद्यात हाड किंवा सांबरशिंग जास्त. शिंग निघालं तर सुटलो असं समजू नका, सांबराचं शिंगही याच कायद्यात येतं. उंटाचं हाड निघालं तर खुशाल वाजवा. जडावाच्या पेटीत मात्र बघायला जरा अवघड जातं, कारण तुकडे पातळ असतात आणि आडवा छेद दिसत नाही. मुंबईच्या सादेली कामात (बारीक तुकड्यांच्या जडावात) तर हस्तिदंत, हाड, शिंग, कथील असे तुकडे एकाच नक्षीत शेजारी शेजारी बसवलेले असतात. चंदनावर हस्तिदंताचे पातळ पत्रे चढवून त्यावर काळी नक्षी कोरलेली असेल तर ते विशाखापट्टणमच्या बाजूचं काम असण्याची शक्यता जास्त, शिसवात जडाव असेल तर म्हैसूरचं. आणि हो, 'पेटी लाकडाची आहे, हस्तिदंत तर चिमूटभर' हा बचाव चालत नाही. कायद्यातल्या व्याख्येनुसार ज्या वस्तूत प्राण्याचा काही भागही वापरलाय ती अख्खी वस्तू आत येते.

अधिकृत खात्री हवी असेल तर ती प्रयोगशाळेतच होते. डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटमध्ये ती सोय आहे, पण नमुने तिथं सहसा वन विभागामार्फत जातात. कार्बन डेटिंगवर खर्च करू नका. लंडनमध्ये त्याचा उपयोग आहे, शनिवार पेठेत नाही.

आता समजा दोन-तीन वस्तू खरंच हस्तिदंती निघाल्या. मग पुढचं बरंचसं तुमच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे.

२००३ पासून कायदा असा आहे की मालकी प्रमाणपत्र नसलेल्या कुणालाही अशी वस्तू नव्यानं मिळवता, घेता किंवा जवळ ठेवता येत नाही. अपवाद एकच: वारसा. वारशानं वस्तू आली तर नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडे तसं लेखी निवेदन करायचं. मग वन विभाग चौकशी करतो, वस्तू बघतो, यादी करतो, जमेल तिथं खूण करतो, आणि ताबा कायदेशीर आहे असं पटलं तर मालकी प्रमाणपत्र देतो. महाराष्ट्राच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपूरला आहे. पुणेकरांनी आपल्या उपवनसंरक्षक कार्यालयात अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. 'साहेबांना भेटून सांगितलंय' ही पोच नव्हे.

आणि इथं तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला खटकली. तुम्ही नातू आहात. तुमचे वडील आणि आत्या दोघंही आहेत असं तुमच्याच मजकुरावरून दिसतं. आजीनं मृत्युपत्र केलेलं नसेल तर वारस ते दोघं आहेत, तुम्ही नाही आणि न्यू जर्सीतला भाऊही नाही. म्हणजे निवेदन वडील आणि आत्या यांच्या नावानं जायला हवं. तुमच्या नावानं गेलं तर अधिकारी पहिला प्रश्न विचारेल की ही तुमच्याकडे कशी आली, आणि 'वडिलांनी दिली' हे उत्तर वारसा ठरत नाही. मृत्युपत्रात तुमचं नाव असेल तर गोष्ट वेगळी. हे आधी घरात बसून ठरवा. आजी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेली म्हणता, आज एप्रिलचा पहिला आठवडा आहे. नव्वद दिवस मेच्या मध्याला संपतात. वाड्याचा करार, बिल्डरचं पत्र, सामान हलवणं या गडबडीत ही तारीख सहज निसटते.

अर्जासोबत काय जोडायचं? आजीचा मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र किंवा वारस दाखला, प्रत्येक वस्तूचे चारही बाजूंनी काढलेले फोटो शेजारी पट्टी ठेवून, माप, वजन, तुटलेल्या जागांची नोंद. आणि जुना पुरावा, जो सगळे विसरतात. वाड्यातल्या मुंजीचा, मंगळागौरीचा, दिवाळीचा काळा-पांढरा फोटो शोधा. एका कुटुंबाच्या १९६० च्या सुमाराच्या डोहाळजेवणाच्या फोटोत मागच्या फडताळात जडावाची पेटी स्पष्ट दिसत होती, कोपऱ्यातला निखळलेला तुकडासुद्धा तसाच. त्यांच्या फाइलमध्ये त्या एका फोटोनं जे काम केलं ते दहा प्रतिज्ञापत्रांनी झालं नसतं. जुनी पत्रं, खरेदीची पावती, वाटणीपत्रातली यादी, काहीही चालेल.

आता अडचणीची बाजू. आजीनं किंवा आजोबांनी स्वतः कधी नोंद केली होती का? बहुतेक घरांत नसते. कायदा आला तेव्हा एकदा अशा वस्तू जाहीर करायच्या होत्या. नंतर २००३ साली एप्रिलपासून एकशे ऐंशी दिवसांची शेवटची मुदत दिली गेली, तीही त्या वर्षी ऑक्टोबरात संपली. पेठांतल्या कितीतरी घरांना ही मुदत आली आणि गेली हे कळलंही नाही. आजीच्या नावानं प्रमाणपत्र असेल तर तुमचं काम सोपं आहे. नसेल तर अधिकारी विचारू शकतो की मुळात आजीचा ताबा तरी कायदेशीर होता का. प्रमाणपत्र मिळेलच असं मी सांगू शकत नाही आणि जो सांगेल त्याच्यापासून लांब राहा. अशा वेळी माझा सल्ला एकच असतो: वन्यजीव कायद्याची कामं करणारा वकील गाठा, त्याच्याकडून निवेदन लिहून घ्या, आणि मुदतीच्या आत द्या. स्वतःहून, वेळेत, जुन्या फोटोंसकट आलेला माणूस आणि धाडीत सापडलेला माणूस यांच्याकडे बघण्याची नजर वेगळी असते. कारण या कायद्यात ओझं उलटं आहे. वस्तू तुमच्या ताब्यात सापडली की ताबा बेकायदा आहे असंच गृहीत धरलं जातं, तो कायदेशीर आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान पंचवीस हजार. कपाटात गुपचूप ठेवायच्या तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. शिवाय असं ठेवलेलं ओझं पुढच्या पिढीला जातं, आणि त्यांच्याकडे तर आजीच्या गोष्टीही नसतात.

किंमतीचं म्हणाल तर कायदेशीर किंमत शून्य. मालकी प्रमाणपत्र मिळालं तरी विकता येत नाही. प्रमाणपत्र ठेवण्याचं आहे, विकण्याचं नाही, आणि हा गैरसमज मी दर महिन्याला एकदा तरी दूर करते. फोटो काढून ऑनलाइन जाहिरात टाकणं किंवा जुन्या वस्तूंच्या व्हॉट्सअॅप गटात 'योग्य किंमत आल्यास' लिहिणं, हीसुद्धा विक्रीची तयारीच झाली. पैसे हातात पडायची गरज नाही. आणि समोरचा उत्साही गिऱ्हाईक वन विभागाचा बनावट ग्राहक असू शकतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका गृहस्थांच्या पेटीचे निखळलेले तुकडे बसवून दिले. सहा महिन्यांनी त्यांनी ती विकायला काढली आणि पकडले गेले. चौकशीत त्यांनी बिनदिक्कत माझं नाव सांगितलं, की ही बाई सगळं जाणते. माझ्याकडे पावतीचं पुस्तक होतं, त्यावर 'फक्त दुरुस्ती, वस्तू परत' असं लिहून त्यांची सही होती, म्हणून दोन दिवसांच्या हेलपाट्यांवर निभावलं. तेव्हापासून प्रमाणपत्राची प्रत पाहिल्याशिवाय हस्तिदंताला हात लावत नाही, आणि वस्तू कार्यशाळेत ठेवून घेत नाही. घरी जाऊन, मालकासमोर काम करते. गेलेल्या तुकड्याच्या जागी उंटाचं हाड बसवते आणि ते कुठं बसवलं याचं चित्र काढून देते, म्हणजे पुढच्या तपासणीत गोंधळ नको.

भावाला पाठवायचं तर विसरा. अमेरिकेत शंभर वर्षांची सवलत असली तरी इथून बाहेर पडतानाच गुन्हा होतो. कुरिअरनं नाही, सामानातून नाही, 'फक्त दोन फासे' म्हणूनही नाही. हत्तीच्या व्यापाराचं बंधन आंतरराष्ट्रीय करारातलंही आहे, आशियाई हत्ती १९७५ पासून आणि आफ्रिकन हत्ती, आफ्रिकेच्या दक्षिणेतल्या चार देशांतले वगळता, १९९० पासून त्याच्या सर्वांत कडक यादीत आहे. त्यात वस्तू शंभर वर्षांहून जुनी निघाली तर पुरावशेष कायदा वेगळा आडवा येतो, त्याखाली खासगी माणसाला पुरावशेष देशाबाहेर नेताच येत नाही. म्हणजे गंमत बघा, जुनेपणानं सुटका तर होत नाहीच, उलट एक कायदा वाढतो. गणपती खरंच हस्तिदंती आणि शंभर वर्षांहून जुना ठरला तर पुरातत्त्व खात्याकडे नोंदणीचं काय, हेही त्याच वकिलाला विचारा.

देशातल्या देशात हलवायचं असेल, समजा आत्या बंगळुरूला राहते आणि सोंगट्या तिच्या वाट्याला गेल्या, तर प्रमाणपत्र झाल्यावर नेता येतात, पण राज्य बदललं की तीस दिवसांत तिथल्या वन्यजीव रक्षकांना कळवायचं. संच मात्र फोडू नका. चार रंगांच्या चार-चार सोंगट्या भावंडांत वाटल्या की चार अर्धवट फाइली तयार होतात आणि डाव कुणाकडेच राहत नाही.

आणि ठेवायचंच नसेल तर? पुष्कळांना नको असतं, नव्या फ्लॅटमध्ये जागाही नसते. प्रमाणपत्र असलेल्यांसाठी २०२२ च्या दुरुस्तीनं एक सरळ वाट करून दिली आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांना सात कामकाजाच्या दिवसांची नोटीस देऊन वस्तू सरकारजमा करता येते. मोबदला मिळत नाही, प्रमाणपत्र रद्द होतं, तुम्ही मोकळे. संग्रहालयाला द्यावी असं अनेकांना वाटतं, राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या काका केळकरांनी आपला अख्खा संग्रह सरकारला दिला त्या गावात तसं वाटणं साहजिकच आहे. पण वन विभागाच्या परवानगीशिवाय कुठलंही संग्रहालय ही वस्तू दारात घेणार नाही, म्हणून आधी संग्रहालयाला विचारा, मग परवानगी, मग वस्तू. उलट क्रमानं गेलात तर रिक्षात पेटी मांडीवर घेऊन परत याल.

तोवर वस्तू सांभाळायच्या कशा, हे कुणी विचारत नाही, पण माझं खरं काम तेच आहे. हस्तिदंत हवेतला ओलावा शोषतं आणि सोडतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये माळ्यावरच्या पत्र्याखालून थेट एसी खोलीत आणलं की तडकतं. हळूहळू आणा. पाण्यानं धुऊ नका, लिंबू-चिंच लावू नका, सोललेल्या बदामासारखा जो पिवळसर रंग आलाय तो मळ नाही, तो तसाच राहू द्या. गणपती देव्हाऱ्यात बसवलात तर अभिषेक नको. पंचामृतातल्या दह्याचं आम्ल पृष्ठभाग खातं आणि मध खाचांत बसतं. मऊ कोरडा ब्रश पुरे. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते. धुतलेलं जुनं सुती धोतर सगळ्यात चांगलं. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद तर मुळीच नाही, पावसाळ्यात आत बुरशी धरते आणि चंदन फुगून जडाव उचलून देतं.

जाता जाता, जुन्या बाजारात किंवा प्रदर्शनात नवीन 'हस्तिदंती' काम दिसलं तर ते बहुधा उंटाच्या किंवा म्हशीच्या हाडाचं असतं. बंदीनंतर कितीतरी कारागीर हाडाकडे वळले आणि काही जण ते फार सुरेख करतात. घ्या खुशाल, पण बिलावर 'उंटाचे हाड' असं लिहून घ्या. दुकानदार 'अँटिक' लिहून देत असेल तर त्या कागदाचा उपयोग फक्त पेटीच्या तळाशी अंथरायला.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. सोंगट्या उलट्या करून बघा, मुंजीचे अल्बम काढा, वडिलांना आणि आत्याला एकत्र बसवा. सोंगटीच्या तळाचा फोटो भिंगातून, उजेडात, मोबाइल स्थिर धरून काढलात तर इथं टाका. रेषा आहेत की ठिपके, ते मी बघून सांगते. फोटोखाली किंमत मात्र विचारू नका.